मावशीच्या छातीतलं भोक

मावशीच्या छातीत भोक आहे असं कागदानं सांगितलं. पाळणाघराच्या संचालिकाबाईंनी तो कागद तिच्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि एका बोटाच्या टोकानं तिच्याकडे सरकवला. मावशीला भोकाचा राग नंतर आला, आधी आला तो त्या बोटाचा.

"कागदालासुद्धा माझा वारा लागतो का?" तिनं विचारलं.

"तसं नाही हो मावशी." संचालिकाबाई असं म्हणाल्या खऱ्या, पण खुर्ची त्यांनी हळूच मागे घेतली. "पालकांच्या कानावर गेलं तर उद्या इथे एक मूल यायचं नाही. गोळ्यांचा कोर्स पुरा करा, स्वच्छ फोटो आणा आणि मग या. जागा तुमचीच आहे."

"गोळ्या कशाच्या?"

"क्षयाच्या. लिहिलंय ना त्यात, उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला पोकळी."

"मला खोकला नाही. ताप नाही. थुंकी तपासली, तिच्यात काही सापडलं नाही. काल दोन पोरं दोन काखांत घेऊन तुमच्या देखत जिना चढले, तेव्हा वाटेत कुठे टेकले का?"

"फोटो खोटं बोलेल का मावशी?"

मावशीनं एप्रन काढला, घडी घातली, खुंटीला अडकवला. आतल्या खोलीत कुणी रडायला लागलं होतं. झोपेनं डोळे जड झालेत आणि तरी झोपायचं नाही, असलं ते रडणं. कुणाचं ते तिला भिंतीपलीकडून कळलं. थोपटायला हात शिवशिवले, पण दाराच्या मध्ये संचालिकाबाई उभ्या होत्या. मावशी रस्त्यावर आली तेव्हा भर दुपारी तिचे दोन्ही हात रिकामे होते, आणि इतके रिकामे हात घेऊन कसं चालायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

गल्लीतली लहानथोर सगळी तिला मावशीच म्हणत. खरीखुरी मावशी ती एकीचीच, थोरल्या बहिणीच्या लेकीची. बहीण लवकर गेली, पोर मावशीच्या मांडीवर आली, तिथेच वाढली, शिकली आणि मोठ्या इस्पितळात एक्स-रेच्या खोलीत कामाला लागली. गंमत अशी, की पाळणाघराच्या वार्षिक तपासणीसाठी मावशीच्या छातीचा तो फोटो महिन्यापूर्वी काढला होता तिनंच.

"काढला मी," संध्याकाळी भाची म्हणाली. तिच्या हातातला घास हातातच राहिला होता. "पण वाचला दुसऱ्यानं. आमच्याकडे फोटो वाचायला डॉक्टर पुरत नाहीत. फोटो इथून दूर कुठेतरी जातात, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. त्यांची तोंडंही आम्ही कधी पाहिली नाहीत. मावशी, तू गोळ्या घे. माझ्यासाठी घे."

"तूही त्यांच्यातलीच झालीस?"

"मला भीती वाटते गं."

"मला नाही वाटत. मला संताप येतो," मावशी म्हणाली. "माझं अंग मला माहीत नसेल का? भोक पडलेलं भांडं ओल्या हातानं उचललं तरी कळतं."

पण लेकीसारख्या पोरीचे डोळे भरलेले पाहिले आणि तिचं बळ सरलं. सकाळी फोटोचा लांबट लिफाफा काखेत मारून ती गोळ्या आणायला इस्पितळात गेली.

गोळ्यांची खिडकी आणि एक्स-रेची खोली एकाच बोळात होती. बोळाच्या एका बाजूला दारं, दुसऱ्या बाजूला उंच काचांच्या खिडक्यांची रांग, खाली बाकडी. मावशी बसली तिथे शेजारी एक माणूस आपला फोटो खिडकीच्या उजेडाला धरून बघत होता. गाल ओढलेले, पायांशी काळी पेटी.

"काय आहे पेटीत?" मावशीला गप्प बसवत नसे.

"क्लॅरिनेट. लग्नाकार्यात वाजवतो. वाजवायचो म्हणा. बँडमास्तर म्हणाला, क्षयवाल्याची फुंक आम्हाला नको." तो कडवट हसला. "भोकं माझ्या वाद्याला असतात मावशी. मला कशाला हवं होतं?"

"तुम्हालाही भोकच?"

"हे बघा ना. उजवीकडे, गळ्याच्या हाडाच्या खाली."

मावशीनं पाहिलं. पांढऱ्या बरगड्यांच्या पिंजऱ्यात काळं फुप्फुस आणि त्या काळ्यात आणखी काळा, बोराएवढा गोल. एका कडेला त्याला जरासं शेपूट फुटलेलं, थेंब ओघळावा तसं. तिनं घाईघाईनं स्वतःचा लिफाफा उघडला. तोच गोल. तसंच शेपूट.

"धरा बरं हा," ती म्हणाली, आणि आपली छाती तिनं त्याच्या छातीवर ठेवली. दोन्ही फोटोंचे कोपरे जुळवले, काचेला टेकवले. त्याच्या बरगड्या लांब, तिच्या आखूड. त्याचं काळीज उभट, तिचं पसरट. खांदे जुळेनात, कणे जुळेनात. जुळला तो फक्त गोल, शेपटासकट, कुणी एका टोच्यानं दोन्ही कागद एकदम टोचावेत तसा.

मग क्लॅरिनेटवाल्याला हसू फुटलं. मावशीला मात्र फुटलं नाही. तिची कानशिलं तापली होती.

"पोरी," तिनं एक्स-रेच्या खोलीचं दार ढकललं. "बाहेर ये. आत्ताच्या आत्ता ये."

भाची आली. काचेवरचे दोन फोटो तिनं पाहिले आणि दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "मावशी, त्या दिवशी मी तुला पॅनेलला छाती टेकवायला सांगितलं, तेव्हा तू हातानं काय करत होतीस? मी काचेआडून ओरडले होते, हलू नकोस म्हणून."

"पुसत होते. कसला तरी पांढरा थेंब वाळून बसला होता. पोरांच्या लाळेऱ्यावर दूध वाळतं तसा. रुमाल ओला केला आणि पुसला. लोक त्याला छाती लावतात, हनुवटी लावतात. घाण ठेवायची का तशीच?"

"म्हणजे तुझ्या अंगात भोक तूच पाडलंस," भाची म्हणाली, आणि हसावं की रडावं हे न कळून बाकावर बसली.

क्लॅरिनेटवाला म्हणाला, "ताई, आम्हाला समजेल असं सांगा."

तिनं सांगितलं. छातीपुढचं ते पॅनेल म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची शेतीच असते. कुठला ठिपका जास्त पिकतो, कुठला कमी, काही तर मेलेलेच. म्हणून मधूनमधून समोर कुणीही नसताना त्याच्यावर किरण सोडतात, कोऱ्यावर कोरा फोटो. त्यावरून यंत्र आपल्या खोडी शिकतं आणि पुढच्या प्रत्येक फोटोतून त्या वजा करतं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात.

"तराजूत रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणतात ना, तसं. त्या सकाळी ते केलं. पण आदल्या दिवशी पोटाच्या फोटोसाठी खडूसारखं पांढरं औषध प्यायलेला एक जण तिथे खोकला होता, त्याचा थेंब वाळून बसला होता. त्या औषधातून किरण जात नाहीत. पॅनेलला वाटलं, ही जागाच मंद आहे. म्हणून ते तिथलं सगळं वाढवून दाखवायला शिकलं. मग मावशी पहिली आली आणि तिनं भांडंच तराजूतून काढून घेतलं. काटा शून्याच्या खाली गेला. थेंब गेला, आणि जिथे थेंब होता तिथे प्रत्येकाच्या छातीत त्याच्याच आकाराचं भोक."

"प्रत्येकाच्या?"

"मावशीनंतर जो जो आला त्याच्या. अंगानं भरलेल्यांत बुजलं असेल, काटकुळ्यांत उठून दिसलं."

"आणि तुला दिसलं नाही?" मावशीनं विचारलं. आवाज खाली होता, पण भाचीनं मान खाली घातली.

"पडद्यावर पुसट दिसायचं गं. पण हल्ली पडद्यावर काय दिसत नाही? रेघा दिसतात, वाळू सांडल्यासारखी खरखर दिसते. विजेचं बिल वाढतं म्हणून सुट्टीच्या आधी आमचा एसी बंद करून जातात. पॅनेलला उकाडा सोसत नाही, दमट हवा तर मुळीच नाही. सकाळी ते नीट सुरू होऊन स्थिरावायच्या आत रांग उभी. घाईत आधीच्या माणसाची सावली पुसली जात नाही, ती पुढच्याच्या फोटोत रेंगाळते. इतक्या खोडींत आणखी एक गोल, तो मी खोडच समजले. आणि तिकडे वाचणाऱ्यापुढे एका वेळी एकच छाती. त्यानं बापड्यानं भोकच म्हणायचं."

"कॅलिब्रेशनच्या आधी पुसायला काय झालं होतं?"

"पुसायचंच असतं. मोठे डॉक्टर दारात उभे होते. म्हणाले, बाहेर गर्दी आहे, उरका."

मोठे डॉक्टर म्हणजे त्या विभागाचे प्रमुख. भाची तडक त्यांच्या खोलीत गेली, आणि दुपारपर्यंत सगळं चक्र फिरलं. एसी लावला, पॅनेल पुसलं, त्याला स्थिर होऊ दिलं, दुरुस्तीवाला येऊन कॅलिब्रेशन करून गेला. मग मावशीला आणि क्लॅरिनेटवाल्याला आत बोलावलं. दोघांच्याही छात्या धुतल्यासारख्या स्वच्छ निघाल्या. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः वाचल्या, स्वतः सह्या केल्या, आणि लिफाफे हातात देताना हसले.

मावशी उतरून खाली गेलीसुद्धा. पाळणाघर सुटायला अजून अवकाश होता, पोरं उठायची वेळ होती. चालता चालता तिनं कागद काढून वाचला. आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून तशीच मागे फिरली.

"हे 'पोकळी भरून आली आहे' कुठून आलं?" टेबलापुढे उभं राहून तिनं विचारलं. भाची मागोमाग धावत आली होती.

"तसं लिहायची पद्धत आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "आधीच्या फोटोत होती, आताच्यात नाही."

"भरून यायला आधी असावी लागते. माझ्यात नव्हतीच. यंत्रात होती. तसं लिहा."

"मावशी, तुम्हाला कामावर जायचंय ना? हा कागद दाखवा, उद्यापासून जा. शब्दांत काय आहे?"

"हा कागद दाखवला तर पालक म्हणतील, हिला होतं, आता बरं झालंय. होतं म्हटलं की संपलं. वर्षभर माझ्या हातचं पाणी कुणी पोराला पाजणार नाही. आणि बाकीच्यांचं काय? त्यांना कधी सांगणार?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "त्यांचे फोटो पुन्हा होतीलच. कोर्स संपल्यावर."

"आणि तेव्हा सगळ्यांची भरून आलेली असेल," भाची हळूच म्हणाली. तिच्या आत्ता लक्षात आलं होतं. "गोळ्यांनी गुण आला म्हणतील. खुशीनं हात जोडतील आपल्याला."

वर एसी घरघरत होता. या खोलीतला एसी कधी बंद होत नसे.

"हे बघा," डॉक्टरांचा आवाज बदलला. "पॅनेलला हात पेशंटनं लावला. तंत्रज्ञाच्या समोर. चौकशी लागली तर ती कुणावर येईल याचा विचार तुम्ही दोघींनी करावा."

स्वतःपुरतं मावशी कुणाशीही भांडली असती. पण ही पोर, हिची नोकरी. तिनं भाचीकडे पाहिलं.

"येऊ दे माझ्यावर," भाची म्हणाली. "थेंब दिसला नाही, ही चूक माझी. तीही लिहा. पण एसीचं मी किती वेळा सांगितलं, डॉक्टर? फोटो खरखरीत येतात म्हटलं तर म्हणालात, किरण वाढवा. म्हणजे यंत्राचं दुखणं माणसाच्या अंगावर काढायचं. मी काढलं. लहान पोरांच्या अंगावरसुद्धा काढलं. आता नाही काढणार. बाकीच्यांना बोलवेपर्यंत मी छातीचा एकही फोटो घेत नाही."

"बाहेर जा," डॉक्टर म्हणाले.

त्या बाहेर गेल्या. पण मावशी घरी गेली नाही आणि पाळणाघरातही गेली नाही. नवा कागद तिच्या काखेत होता, तो दाखवला असता तर दुसऱ्या दिवशी पोरं तिच्या मांडीवर असती. हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच तो कागद अंगाला चटका देत होता.

सकाळी ती पुन्हा त्या बाकावर येऊन बसली. क्लॅरिनेटवालाही आला, त्याच्याही कागदावर भरून आलेली पोकळी होती. गोळ्यांच्या खिडकीपुढे माणसं उभी होती, काखेत तेच लांबट लिफाफे. मावशी एकेकाला विचारू लागली.

"तुमचं भोक कुठे आहे हो?"

लोक चमकले, कुणी लिफाफा पाठीमागे लपवला. असला आजार कोण चारचौघांत उघडा करतं? मावशी म्हणाली, "लपवू नका. ते तुमचं नाहीच." तरी कुणी पुढे येईना. तेव्हा क्लॅरिनेटवाल्यानं पेटी उघडली, वाद्य जोडलं आणि एकच सूर लावला. लांब. आणखी लांब. बोळातून गेला, वळणावरून परतला, तरी तुटला नाही. दारं उघडली. परिचारिका थबकल्या. सूर संपला तेव्हा त्याचं तोंड लाल झालं होतं, आणि तो म्हणाला, "हे फुटकं फुप्फुस आहे बरं का. कागदावर लिहिलंय तसं."

मग लिफाफे उघडले. भाचीनं चिकटपट्टी आणली. खिडकीच्या एकेका काचेवर एकेक छाती चढत गेली. बाहेर ऊन होतं, ते बरगड्यांतून गाळून बोळाच्या फरशीवर पडलं. रुंद छात्या, अरुंद छात्या, म्हाताऱ्या, कोवळ्या. आणि प्रत्येकीत उजवीकडे, गळ्याच्या हाडाखाली, शेपटीचा तोच काळा थेंब.

एका तरुणाचा गोल मात्र तसा नव्हता. त्याचा फोटो मावशीच्या आधीचा, गोल डावीकडे, कडा जाड, आणि तो स्वतः बोलताना थांबून थांबून खोकत होता. मावशीचा आवाज एकदम उतरला. "तुझा फोटो पुन्हा काढू दे बाळा, पण गोळ्या सोडू नकोस. तुझ्या गोळ्या खऱ्या आहेत." तो हिरमुसला, पण त्यानं मान हलवली.

मोठे डॉक्टर आले ते गोंगाट थांबवायला. पण बोळाच्या तोंडाशीच थांबले. मग पहिल्या काचेपाशी गेले. दुसऱ्या. तिसऱ्या. इतक्या छात्या त्यांनी एका रांगेत कधी पाहिल्या नव्हत्या. तिकडे दूर बसून वाचणाऱ्यांनीही पाहिल्या नव्हत्या. रांगेच्या शेवटी एक आजी भिंतीला टेकून बसली होती, डोळे पिवळट, ओठ सुकलेले. गोळ्या तिला मुळीच सोसत नव्हत्या.

"डॉक्टर," तिनं विचारलं, "मला काही नव्हतंच, तर मग मला हे एवढं मळमळतं ते कशापायी?"

डॉक्टर तिच्यापुढे वाकले, पापणी ओढून डोळा पाहिला. मग न वळताच भाचीला म्हणाले, "यांचं रक्त आत्ता तपासायला पाठवा. गोळ्यांची खिडकी थांबवा, डावीकडे भोक असलेल्या त्या मुलाच्या गोळ्या सोडून. आणि मावशीनंतरच्या सगळ्यांना बोलावून घ्या."

"लिहून द्या," मावशी म्हणाली.

त्यांनी तिथेच, गोळ्यांच्या खिडकीच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं. आधीच्या फोटोतली पोकळी पॅनेलच्या चुकीच्या कॅलिब्रेशनमुळे दिसली. रुग्णाला आजार नव्हता. सही करताना त्यांनी मावशीकडे पाहिलं नाही. क्षमाही मागितली नाही. मावशी वाट बघत उभी होती, पण ते पुढच्या माणसाचा कागद ओढून लिहू लागले.

दुपारी पाळणाघरात संचालिकाबाईंनी कागद वाचला, या वेळी हातात घेऊन. "चला, सुटलात मावशी," त्या हसून म्हणाल्या. "पण एक आठवडा जाऊ द्या हं. पालकांच्या मनाची तयारी करते. ते म्हणतील, इतक्यात कशी बरी झाली?"

मावशीनं खुंटीवरचा एप्रन काढला.

"बरी झाले नाही. मला झालंच नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही मला खोकताना कधी पाहिलंत? विचारलंत तरी? इतकी वर्षं मी तुमच्या डोळ्यांसमोर होते, आणि तुम्ही बघितला तो फोटो."

मावशीनं एप्रनचे बंद पाठीमागे बांधले. राग गेला नव्हता, त्यामुळे गाठ जरा जास्तच आवळली गेली.

"पालक संध्याकाळी येतील तेव्हा मी दारात उभी राहीन," ती म्हणाली. "काय झालं ते मीच सांगेन, एकेकाला. ज्याला पोर न्यायचं त्यानं न्यावं. आता बाजूला व्हा, आत कुणीतरी रडतंय."